चंद्रकळा, धुके आणि पंधरा कॅमेरे

प्रश्न: मी २३ वर्षांची असून साताऱ्यात एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या एका कार्यक्रमातले माझे फोटो पाहून छायाचित्रकारांच्या एका गटाने मला संक्रांतीच्या आधीच्या रविवारी वाईजवळ मेणवलीच्या घाटावर होणाऱ्या मीटअपला मॉडेल म्हणून बोलावले आहे. विषय आहे ‘चंद्रकळा आणि धुके’. काळी साडी, हलव्याचे दागिने आणि अनवाणी पाय, असे त्यांनी कळवले आहे. पहाटे पावणेसहाला घाटावर हजर राहायचे आहे. १५ छायाचित्रकार असतील आणि आम्ही दोघी मॉडेल. मानधन नाही, ‘फोटो मिळतील’ एवढेच सांगितले आहे. मला जायची फार इच्छा आहे, पण मला थंडी लवकर बाधते, ओठ फुटतात, बोटे निळसर पडतात. आई म्हणते, अनोळखी पंधरा जणांपुढे काळोखात जायचे कशाला? शूट चालू असताना ‘थंडी वाजते, थांबा’ म्हटले तर ‘हिला जमत नाही’ असे म्हणतील, याची मला सर्वांत जास्त धास्ती आहे. जावे का? गेले तर तयारी काय करावी?
— एक वाचक, सातारा

उत्तर:

तुम्ही थंडीबद्दल विचारले आहे आणि आईने माणसांबद्दल. माझ्या मते हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. त्या पहाटे घाटावर पंधरा जण जॅकेट, कानटोपी आणि बुटांत असतील, आणि तुम्ही दोघी मॉडेलच ब्लाउज-साडीत, अनवाणी उभ्या असाल. जॅकेटमधल्या माणसाला थंडी किती आहे ते कळत नाही. तो वाईट असतो म्हणून नव्हे, तर त्याला ती लागतच नसते म्हणून. त्यामुळे ‘थांबा’ हा शब्द तुम्हालाच उच्चारावा लागणार, आणि तो उच्चारला की खरोखर थांबले जाईल, हे आधी ठरलेले असायला हवे. जिथे थंडीसाठी थांबतात तिथे इतर नकारही ऐकले जाण्याची शक्यता असते. जिथे थंडीसाठीसुद्धा थांबत नाहीत, तिथून लवकर निघालेले बरे. म्हणून माझे उत्तर असे, की जरूर जा, पण या आठवड्यात काही गोष्टी आयोजकांकडून लेखी ठरवून घेऊनच जा.

‘जमत नाही’ म्हणतील ही धास्ती मला चांगली ठाऊक आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी स्वतः डिसेंबरमध्ये एका नदीकाठी अशीच दोन तास उभी राहिले होते आणि एकदाही तोंड उघडले नव्हते. फोटो हाती आले तेव्हा प्रत्येकात माझे खांदे कानांपर्यंत चढलेले होते, मान जणू नव्हतीच आणि हसू दातांवर दात दाबून धरल्यासारखे दिसत होते. छायाचित्रकाराने अगदी मनापासून विचारले, ‘अहो, सांगितले का नाही?’ पुढे मी कॅमेऱ्याच्या मागेही उभी राहू लागले, तेव्हा त्याचा हा प्रश्न खरा होता हे पटले. चौकटीतून पाहताना प्रकाश दिसतो, पदराची कड दिसते, पण समोरच्याच्या अंगावरचा काटा दिसत नाही. तो दिसतो घरी, संगणकाच्या मोठ्या पडद्यावर, आणि मग फोटो वाया जातो. थांबा म्हणणारी मॉडेल शूट बिघडवत नाही. गप्प बसून कुडकुडणारी मात्र नक्की बिघडवते. हे आयोजकांना याच शब्दांत सांगायला हरकत नाही.

आता वेळेचे पाहू, कारण पावणेसहा ही वेळ मला अजिबात पटलेली नाही. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात वाईच्या परिसरात सूर्योदय ७ वाजून १० मिनिटांच्या आसपास होतो आणि फोटो काढण्याजोगा निळसर उजेड त्याच्या साधारण वीस-पंचवीस मिनिटे आधी मिळू लागतो. म्हणजे पावणेसहाला पोहोचलात तर जवळजवळ तासभर तुम्ही नुसत्या काळोखात थंडी सोसत उभ्या राहणार, आणि तीही दिवसातली सर्वांत कडक थंडी, कारण जमीन रात्रभर उष्णता गमावत राहते आणि पारा सर्वांत खाली उतरतो तो मध्यरात्री नव्हे, तर सूर्योदयाच्या सुमारास. त्यातून मेणवली कृष्णेच्या खोऱ्यात आहे. थंड हवा जड असल्याने डोंगरउतारावरून घरंगळत नदीपात्राकडे येऊन साचते. ज्या धुक्यासाठी ही सगळी मंडळी जमणार आहेत ते तिथे दाटते, त्याचे कारणही हेच. छायाचित्रकारांना तिवई लावायला, जागा हेरायला लवकर यायचे असेल तर खुशाल येऊ द्या. तुमचे तिथे साडेसहाच्या आधी काही काम नाही. साडी आणि केस घरी किंवा वाईत कुणाच्या घरी करून, गाडीत उबेत बसून राहा आणि पहिल्या चौकटीची जागा ठरली की बाहेर या.

आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे, ती ठाऊक असू द्या. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि आपल्याकडे या दिवसांत भर दुपारीही क्षितिजापासून साधारण ५० अंशांवरच येतो, त्यामुळे तिरपा, मऊ उजेड उन्हाळ्यापेक्षा थोडा जास्त वेळ टिकतो. धुक्याच्या चौकटी पहिल्या पाऊण-एक तासात घ्याव्या लागतील हे खरे, पण बाकीचे सगळे साडेआठ-नऊपर्यंत आरामात होऊ शकते. ‘उजेड चालला, पटकन’ असे सव्वासातला कुणी म्हणू लागला, तर उजेडापेक्षा त्याचीच घाई मोठी आहे असे समजा.

चंद्रकळेविषयी एक गैरसमज दूर करते. संक्रांतीला काळे नेसायचे कारण काळा रंग ऊन शोषून घेतो असे आपण सांगतो आणि ते बरोबरही आहे, पण त्यासाठी ऊन हवे. धुक्यात काळी साडी पांढऱ्या साडीइतकीच गार. त्यामुळे ऊब आतून आणावी लागेल. साडी रेशमी असेल तर उत्तम. सुती साडी दव पिते आणि ओली झाली की अंगाला गार चिकटते, सिंथेटिक साडी हलकी पण निरुपयोगी. ब्लाउज लांब बाह्यांचा आणि बंद गळ्याचा निवडा. जुन्या धाटणीचा असा ब्लाउज चंद्रकळेवर शोभूनही दिसतो, आणि त्याच्या आत पातळ काळे थर्मल सहज लपते. परकराखाली लोकरीची लेगिंग घाला; ती घोट्याच्या वर दुमडून ठेवली की अनवाणी पायांचा फोटोही मिळतो. मोजे मात्र सैल घ्या, कारण घट्ट इलॅस्टिकचे वळ कातडीवर बराच वेळ राहतात आणि जवळून घेतलेल्या फोटोत ते स्पष्ट उमटतात. वरून घालायचा स्वेटर पुढून उघडणारा असावा. डोक्यावरून काढायचा स्वेटर अंबाडा आणि मेकअप दोन्ही बरोबर घेऊन निघतो.

अनवाणी पायांबद्दल मी थोडी हट्टी आहे. घाटाचा दगड रात्रभर गार पडलेला असतो आणि तो तळपायांतून ऊब झपाट्याने ओढून घेतो. हवेतल्या थंडीपेक्षा हीच थंडी आधी हाडांत शिरते. ज्या चौकटीत पाय दिसणार आहेत तेवढ्यापुरतेच चपला-मोजे काढा. कमरेपासून वरचे फोटो चालू असताना कुणी अनवाणी उभे ठेवत असेल तर त्याला कॅमेऱ्यात पाय दिसतात का, एवढे विचारा. बसून पोझ द्यायची असेल तर चौकटीबाहेर राहील अशी घोंगडीची घडी खाली घ्या. आणि पाण्यालगतच्या पायऱ्यांवर शेवाळ असते, तिथे साडी नेसून, गारठलेल्या पायांनी उतरू नका.

बोटे निळसर पडतात असे तुम्ही लिहिले आहे. गारठ्यात शरीर हातापायांकडचे रक्त आवरते आणि पोटा-छातीची ऊब राखते, म्हणून बऱ्याच जणांची बोटे थोडीफार रंग बदलतात. पण तुमची बोटे आधी पांढरीफटक, मग निळी आणि बधिर होत असतील, किंवा गार हवेने दम लागत असेल, तर शूटच्या आधी डॉक्टरांना दाखवा. हे लाजेने टाळू नका. एरवी गरम पाण्याची रबरी पिशवी शालीत गुंडाळून जवळ ठेवा आणि दर दहा मिनिटांनी पाच मिनिटे ती आणि शाल तुमची, असा नियम करा. चित्रकलेच्या वर्गात बंद खोलीत बसणाऱ्या मॉडेललाही ठरावीक वेळाने विश्रांती देतात. उघड्या घाटावर त्याहून जास्त विश्रांती मागणे म्हणजे चोचले नव्हेत. कापरे आवरत नाही, बोटांनी पिन लावता येत नाही, बोलताना जीभ अडखळते, यांतले काहीही जाणवले तर त्या क्षणी शूट संपले असे समजून गाडीत जा.

चेहऱ्याची तयारी आदल्या आठवड्यापासून करा. ओठांना आणि टाचांना रात्री कोकमतेल लावण्याचा आजीचा उपाय मला अजून कुठल्याही महागड्या डबीपेक्षा सरस वाटतो. सकाळी मात्र लिपस्टिकच्या आधी ते पुसून घ्या, नाहीतर रंग घसरतो. आदल्या रात्री हळदीचा लेप नको. त्याचा पिवळेपणा डोळ्यांना जाणवत नाही पण कॅमेऱ्याला दिसतो. कोरड्या त्वचेवर फाउंडेशनला तडे जातात, म्हणून आधी मॉइश्चरायझर लावून ते मुरायला वेळ द्या आणि वर थर पातळच ठेवा. गार वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतेच, तेव्हा काजळ न पसरणारे घ्या आणि रुमालाऐवजी कानकोरणीचा कापूस जवळ ठेवा. नाक लाल होणार, ते अटळ आहे.

एक गंमत सांगते. धुक्यात श्वासाची वाफ दिसावी अशी मागणी हमखास होते. त्यासाठी धापा टाकू नका. थर्मासमधला आल्याचा चहा दोन घोट प्या आणि लगेच तोंडाने सावकाश श्वास सोडा. सूर्य तुमच्या मागे असेल तर वाफ सुरेख उजळते, आणि चहा पिण्याचे निमित्तही मिळते. प्रत्येक पोझच्या आधी खांदे मुद्दाम कानांपर्यंत उचलून धपकन सोडा, म्हणजे मान परत जागेवर येते.

हलव्याचे दागिने शेवटी, ऊन अंगावर आल्यावरच घाला. शेवटी ती साखर आहे. धुक्याच्या ओलाव्याने ती चिकट होते, काटा विरतो आणि रेशमावर डाग पडतो. आयोजकांच्या यादीत दागिने पहिल्या चौकटीत असतील, तर त्यांनी हलवा कधी हाताळलेला नाही हे उघड आहे. तुम्ही सांगा, त्यांनाही बरेच वाटेल.

सर्जनशील म्हटले की काही खेळ आपोआप येतात, त्यांबद्दल थोडक्यात लिहिते. रंगीत धुराच्या नळकांड्या आणि पेटत्या तारेच्या घासणीच्या ठिणग्या साडीजवळ नकोत. हिवाळ्यात गवत वाळलेले असते आणि पदर कुठे उडेल ते तुमच्या हाती नसते. ओल्या पदराचा किंवा पाण्यात उभे राहण्याचा प्रस्ताव पहाटे आला तर सरळ नाही म्हणा. शेकोटीजवळ बसताना पदर खोचून घ्या, आणि शेगडी बंद गाडीत किंवा बंद खोलीत मुळीच ठेवू देऊ नका, त्या धुराचा वास न येताही जीव जाऊ शकतो. ‘एक घोट घे, थंडी पळेल’ असेही कुणी म्हणेल. दारूने कातडीकडे रक्त धावते म्हणून क्षणभर ऊब वाटते, प्रत्यक्षात शरीर जास्त वेगाने गार पडते. आणि अनोळखी माणसांत सावध राहण्याची गरज असताना ती घेऊ नये, हे मी वेगळे सांगायला नको.

आता पंधरा कॅमेऱ्यांकडे येते. एकाच वेळी पंधरा जण ‘मॅडम, इकडे’ म्हणू लागले की नजर सैरभैर होते आणि कुणालाच चांगला फोटो मिळत नाही. एका वेळी तिघे, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटे, आणि नजर कुणाकडे ते त्या तिघांपैकी एकानेच सांगायचे, ही पद्धत आयोजकांनी आधी जाहीर करावी. तुम्ही दोघी आहात, तेव्हा एक उभी असताना दुसरी शालीत बसू शकते. दोघींना एकत्र ताटकळत ठेवायचे कारण नाही. पोझ सुधारायची असेल तर तोंडाने सांगायचे किंवा स्वतः करून दाखवायचे, हात लावायचा नाही. पदर सावरताना, निऱ्या ठीक करताना, शाल काढता-घालताना कॅमेरे खाली, हेही आधीच सांगा, कारण पंधरा जणांचे मिळून हजारभर फोटो सहज होतील आणि ते सगळे तुम्हाला कधीच पाहायला मिळणार नाहीत.

सोबत कुणीतरी आपले माणूस असलेच पाहिजे. ‘बाहेरचे कुणी चालणार नाही’ असे उत्तर आले तर पुढचा विचारच करू नका. कपडे बदलायची वेळ आली तर दार बंद होणारी खोली हवी. गाडीच्या काचांना ओढण्या बांधून चालणार नाही. नाना फडणविसांचा वाडा घाटाला लागूनच आहे, पण तो आपल्याला हवा तेव्हा वापरायची जागा नव्हे, तेव्हा तिथे शिरण्याची परवानगी घेतली आहे का तेही विचारा. घाटावरची देवळे आणि वसईहून आलेली पोर्तुगीज घंटा हे सगळ्यांचे आवडते पार्श्वचित्र आहे. तिथे सकाळी पूजेला येणारी माणसे असतात, त्यांना वाट करून द्यायची हे छायाचित्रकार विसरतात, तुम्ही विसरू नका. या गटाबरोबर पूर्वी काम केलेल्या एखाद्या मॉडेलशी तुम्ही स्वतः फोनवर बोला. आयोजकांना तिचा नंबर द्यायला संकोच वाटत असेल, तर त्यांनी तिला तुमचा द्यावा.

मानधनाबद्दल तुम्ही काही विचारलेले नाही, तरी मी बोलणार आहे. अशा अनेक मीटअपना छायाचित्रकार प्रवेशशुल्क भरून येतात. तसे असेल तर ज्यांना पाहून ते शुल्क भरले जाते त्यांनी फुकट कुडकुडावे हा न्याय मला मान्य नाही. शुल्क असेल तर मानधन मागा. नसेल तर सातारा-वाईचा दोघींचा जाण्यायेण्याचा खर्च, नाश्ता आणि ठरावीक दिवसांत ठरावीक संख्येने पूर्ण आकाराचे फोटो, एवढे तरी हवे. ‘फोटो मिळतील’ या वाक्यात किती, कधी आणि कुणाकडून हे तिन्ही नाही.

कायद्याची बाजूही समजून घ्या. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, मोबदला देऊन तुम्ही स्वतः काढवून घेतलेला फोटो नसेल तर त्याचा पहिला मालक सामान्यतः छायाचित्रकार असतो. चेहरा तुमचा आहे म्हणून हक्क तुमचा होत नाही. म्हणूनच संमतिपत्र महत्त्वाचे ठरते. ते घाटावर, गारठलेल्या हाताने सही करण्यासाठी पुढे येऊ नये. दोन दिवस आधी मागून घ्या आणि सावकाश वाचा. ‘कोणत्याही कारणासाठी, कायमस्वरूपी’ असे शब्द असतील तर ते खोडून ‘छायाचित्रकाराचा संग्रह, प्रदर्शन आणि समाजमाध्यमे’ एवढेच लिहायला सांगा. साडीच्या दुकानाची जाहिरात, फोटोंची विक्री, एआयने चेहरा किंवा कपडे बदलणे, यांसाठी दर वेळी वेगळी लेखी परवानगी लागेल असेही त्यात असू द्या. खासगी अवयवांचे चित्र संमतीविना टिपणे किंवा पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ई कलमाखाली गुन्हा आहे. असा किंवा बनावट फोटो फिरताना दिसला तर स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि सायबर गुन्ह्यांच्या cybercrime.gov.in या सरकारी संकेतस्थळावर आणि जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करा. तो आधी मिटवून टाकू नका, पुरावा जातो.

आईला काय सांगावे, असा प्रश्न तुमच्या पत्रात आडून आहेच. मी तिला समजवायला जाणार नाही, कारण तिचे म्हणणे चुकीचे नाही. तिलाच सोबत न्या. शाल, थर्मास आणि घड्याळ तिच्या हाती द्या, आणि दहा मिनिटे झाली की पुढे येऊन तुमच्या खांद्यावर शाल टाकण्याचा अधिकार तिचा, असे आयोजकांना कळवा. तुम्हाला ‘थांबा’ म्हणायचा संकोच वाटला तरी तिला वाटणार नाही.

आजच आयोजकांना पुढील मजकूर पाठवा: ‘नमस्कार, मीटअपला यायला मला आवडेल. मी साडेसहाला तयार होऊन येईन, सोबत आई असेल. दर दहा मिनिटांनी पाच मिनिटांची विश्रांती लागेल. हलव्याचे दागिने ऊन आल्यावर घालीन, पाण्यात उतरणार नाही. छायाचित्रकारांकडून शुल्क घेतले जाणार आहे का, प्रवासखर्चाचे काय आणि फोटो किती व कधी मिळतील, ते कृपया लिहून कळवावे. संमतिपत्र आधी पाठवावे.’ उत्तर काय येते आणि कोणत्या सुरात येते ते पाहा, आणि शनिवारी रात्री पिशवी भरायची की नाही ते त्यावरून ठरवा.